साडेतीन तारे

संपादक डोईफोडे म्हणतात, समीक्षा लहान ठेवा,
शेवटी तारे द्या, पाचापैकी.
लोक तेवढंच बघतात आणि पान उलटतात.

माझं दुकान सिंदेवाहीला, बाजाराच्या तोंडाशी.
मोबाइल रिपेअर, मेमरी कार्ड भरून मिळेल.
एका अंगाला कोंबड्यांच्या टोपल्या, दुसऱ्या अंगाला सुक्या झिंग्यांचा वास,
मधे दोन स्पीकर. एकाचा पडदा फाटलाय,
त्यातून सगळ्याच कलावंतांना थोडी सर्दी होते.

या महिन्यात चार अल्बम आले.

भजनांचा पहिला. आठ भजनं, आठही धापा टाकत धावणारी.
थ्रेशरवाला प्रल्हाद गुरनुले तिसऱ्याला उठला,
“देवाले बस पकडाची हाय का जी?”
हे जसंच्या तसं उतरवलं, बिलाच्या पाठीवर.

दुसरा डीजेचा. शोकेसची काच कुरकुरायला लागली.
मंगला खोब्रागडे वांगी घेऊन बाजूलाच बसते,
तिनं नुसतं तराजूकडे बोट दाखवलं:
काटा ठेक्यावर नाचत होता.
“अर्धा पाव गेला माहा. बाकी पोट्ट्याईले आवडंन.”

तिसरा गझलांचा, नागपूरच्या एका निवृत्त बँक मॅनेजरचा,
पदरमोड करून काढलेला. कव्हरवर शाल आणि मेणबत्ती.
कोणी काही बोललं नाही.
चहावाल्या पोरानं कप उचलता उचलता विचारलं,
“काकू, हा मानूस कोनाले बलावून रायला?
कोनी येत काहून नाही?”
तिथून पुढे मला तो अल्बम आवडायला लागला.

चौथा गोंडी गाण्यांचा. रंजिता कुमरे, चिमूरकडची,
नर्सिंग शिकते, दिवाळीच्या सुट्टीत स्टुडिओत गाऊन आली.
आवाज असा की झिंगेवालीचा माशा हाकलणारा हात
वरच्या वर राहिला.
पाच तारे, मी मनात देऊनसुद्धा टाकले.

तेवढ्यात हिरामण निकुरे आले.
तीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट, मग राइस मिल,
कोंड्यानं छाती भरली.
चार पावलं चालतात, थांबतात, पाचवं टाकतात.
फाटका स्पीकर बंद करायला लावला त्यांनी.
डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा.

“पोरगी चांगली हाय.
पन हे दम घेते कुठं?”

मला कळलं नाही.

“अवं, एक ओळ संपते, दुसरी सुरू होते, मधात श्वासच नाही.
कापला कोनी तरी. साफ केलं म्हनत असतीन.
एवढा मोठा सूर मारला पोरीनं,
त्याच्या आंधी छाती भरली असंन ना तिची?
ते आयकाचं होतं मले.”
एवढं बोलताना ते स्वतः तीनदा थांबले.

रात्री लिहिलं. निम्मी समीक्षा त्या कापलेल्या श्वासावर.
तारेच जमेनात. वजा करायचं ते कोणाच्या खात्यातून?
साडेतीन लिहिले, खोडले, परत लिहिले.

रविवारी अंक आला. चारही अल्बम, तारे ठळक काळे.
निकुऱ्यांचा परिच्छेद नव्हता,
खाली ट्रॅक्टरच्या शोरूमची जाहिरात ऐसपैस बसली होती.
एक ओळ संपते, दुसरी सुरू होते,
वाचताना कुठे अडत नाही.

निकुऱ्यांनी चष्मा पुसून पूर्ण वाचलं, अंकाची घडी घातली,
“चांगलं लिवलं, बाई,” म्हणाले,
आणि दम घ्यायला बाकावर बसले.

मी दोन्ही स्पीकर बंद केले.