काटा

उद्यमनगरात माझं दुकान, सहा बाय नऊचं.
मीटर दुरुस्त करतो. अँमीटर, व्होल्टमीटर, मेगर,
काटा अडकलेला, काच फुटलेली, काय असेल ते.
तेहेतीस वर्षांत एवढंच शिकलो:
आधी शून्य लावायचं,
मग बोलायचं.

परवा चार पोरं आली. पाठीवर सॅक, कपाळाला दिवे.
प्रणित म्हणाला, काका, हे जरा बघा की,
कुठंबी वाजतंय.
हातात टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र, पाच रंगांचे दिवे त्याला.
म्हटलं, हे मोजतंय काय?
म्हणाला, भूत.
म्हटलं, एकक?
सगळी हसली. मी हसलो नव्हतो.

रात्री मलाही घेऊन गेली,
शिरोलीच्या वाटेवरल्या त्या बंद फौंड्रीत.
सोळा वर्षं भट्टी पेटलेली नाही,
काळी वाळू अजून चपलेत शिरते.
पूर्वेच्या भिंतीपाशी यंत्र किंचाळलं, पाचही दिवे पेटले.
तेजस्विनीनं बाही वर सारली, काका, बघा, काटा आला,
आणि खरंच आला होता.
त्याला खोटं कसं म्हणू?
फक्त तो कशाचा, हे त्याच्या तबकडीवर छापलेलं नसतं.

मी भिंतीच्या पलीकडं गेलो.
तिथं मुजावरची पिठाची गिरणी, अर्थिंग तुटलेलं,
वायर ओल्या भिंतीला टेकलेली.
त्याला झोपेतून उठवून मेन स्विच पाडायला लावला.
भूत गेलं.
वर केला. आलं.
पाडला. गेलं.
मुजावर म्हणाला, आता निजू का मी?

पोरं गप्प. मग एकजण म्हणाला,
पण काका, भुतं विजेवरच येत असली तर?
याला माझ्याकडं उत्तर नाही.
ज्याला चुकायची सोयच ठेवलेली नाही
असलं मीटर मी दुरुस्तीला घेत नाही, एवढंच.

मग त्यांनी रेकॉर्डर लावला.
खरखर. खरखर. त्यात कायतरी.
काय ऐकू आलं?
म्हटलं, वाळू चाळल्यासारखं.
नीट ऐका, 'दार उघड' म्हणतंय.
आणि मग मलाही तेच ऐकू आलं.
पुन्हा लावलं, पुन्हा तेच,
आता काही केल्या वाळू ऐकू येईना.
कारखान्यावर काटा मारतात ना, तसं.
ऊस तोच असतो,
आधीच कुणीतरी पाय ठेवलेला असतो.

एक मात्र मी त्यांना सांगितलं नाही.
याच फौंड्रीत माझा थोरला होता, गुंडू. मोल्डर.
लोखंडाचा रस कलंडला ती पाळी त्याची नव्हती,
माझ्या लग्नाच्या बस्त्याला सुट्टी हवी
म्हणून बदलून घेतलेली.

पोरं चहाला गेली.
मी पिशवीतनं माझा जुना मीटर काढला,
लाकडी पेटीतला, केसाएवढा काटा.
शून्य लावलं. दोनदा तपासलं.
दोन्ही टोकं वाळूत खुपसली
आणि कुणी नाही ना बघून म्हटलं,
दादा.

हलला नाही.
मी काचेवर टिचकी मारली,
गिऱ्हाइकाला जी मी कधी मारू देत नाही.
हलला. थरथरत परत शून्यावर आला.
ते माझं बोट होतं.
मला माहीत होतं ते माझं बोट होतं.

सकाळी वहीत नोंद केली:
फौंड्री, पूर्व भिंत, गळती. कारण अर्थिंग.
मुजावरला ते नीट करून दिलं, पैसे घेतले.
प्रणितच्या यंत्राचे घेतले नाहीत,
ते बिघडलेलं नव्हतंच.

दुकानाच्या पायरीवर चप्पल झाडली.
वाळू पडली, बरीच.
वजनकाटा समोरच होता,
मी झाडू घेतला.