रकाना क्रमांक नऊ

दिल्लीहून आलेला फॉर्म सतरा पानांचा.
नवव्या रकान्यात विचारलंय:
गेल्या पाच वर्षांत परदेशी संस्थेकडून
मानधन, प्रवासखर्च, भेटवस्तू, पद, अन्य काही?

'अन्य काही'पाशी पेन अडलंय.

पाषाणच्या या इमारतीत दुपारी
टेकडीवरून मोर ओरडतात,
आणि धूर ओढणारा पंखा घरघरतो
सर्दी झालेल्या माणसासारखा.
दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा केला.
निधी उपलब्ध नाही.

तिकडून मात्र त्याच रात्री उत्तर यायचं.
तिकीट लिहिलं. हॉटेल, तीन रात्री, लिहिलं.
चामड्याची बॅग, किंमत अंदाजे.
पण माझं बोलणं संपेस्तोवर
त्या गृहस्थांनी सूप गार होऊ दिलं,
ते कुठे लिहू?
बावीस वर्षांत माझ्यासाठी
कुणी चमचा खाली ठेवला नव्हता.

विकलं काहीच नाही.
फक्त चौदा नंबरच्या वहीतला एक आलेख
कागदी रुमालावर काढून दाखवला:
खारं पाणी गाळणारा आमचा पडदा
कुठल्या दाबाला फाटतो,
आणि काय मिसळलं की फाटत नाही.
अकरा महिन्यांनी तो मला
त्यांच्या पेटंटात सहाव्या पानावर भेटला.
दोन रंगांत, सुबक,
ओळख न दाखवता.

तो आलेख ज्या वैदेही गोडांबेचा,
जिनं त्यासाठी दिवाळीच्या चारही रात्री इथे काढल्या,
तिची चौकशी आधी झाली.
तिचा भाऊ तिकडे नोकरीला आहे म्हणून.
फाटकावर तापकीर रोज तिचा डबा उघडतात,
ओशाळून म्हणतात, "मॅडम, वरून आदेश."
ती झाकण स्वतःच काढून धरते आता.
मला ते सलाम करतात.
माझी बॅग, तीच ती,
कुणी उघडत नाही.

कुंपणानं शेत खाल्लं, म्हणतात.
मी कुंपणही नव्हतो बहुधा.
बुजगावणं असेन,
कुणी कोट चढवला म्हणून खुललेलं.
आणि शेत कुणाचं?
तापकीर विडी पेटवतात
त्या काडीवरचा करसुद्धा
त्या वहीत गेलाय.

रकाना दीड ओळीचा.
लिहितो: ऐकून घेतलं गेलं.
खाली: पुरवणी जोडली आहे,
वही चौदा, पान एकेचाळीस, काम वै. गोडांबे,
दाखवणारा मी.

साडेपाचला फाटकावर थांबतो,
बॅग टेबलावर ठेवून चेन ओढतो.
"साहेब, तुमची कशाला?" तापकीर म्हणतात,
आणि आत बघत नाहीत.
"बघा," मी म्हणतो.
मागे स्कूटरवाले हॉर्न देताहेत.