दिलेल्या नमुन्यापुरता

तुर्भ्याला आमच्या प्रयोगशाळेत
नमुने येतात ते सीलबंद, शिक्क्यासकट:
सरकी पेंड, मक्याचा भरडा, मासळीची भुकटी.
मंगळवारी एक आला
दुधाच्या धुतलेल्या पिशवीतून,
तोंडाला केसांचं रबर.

घणसोली गावातल्या पोशीबाई मढवी.
सोबत नातू, त्याच्या मुठीत फीचे पैसे,
दहादहाच्या नोटा, मोजून मोजून मऊ पडलेल्या.
'शेगटाचा पाला हाय गो.
सावलीन सुकवलाय, उन्हान नाय.'
मी फॉर्मवर लिहिलं: शेवगा, वाळकी पानं,
रंग हिरवा, वास सामान्य.
प्रयोजन?
'शेल्या,' ती म्हणाली.

एक ग्रॅम तोलला.
गंधकाम्लात पाला आधी काळाठिक्कर होतो
आणि तासा-दोन तासांनी, कुणी समजूत घातल्यासारखा,
निवळत जातो, निळसर हिरवा.
इतक्या वर्षांत मला हे बघायचा कंटाळा आला नाही
पण अहवालात तसा रकाना नाही.
मग थेंब थेंब, गुलाबी होईतो.
नत्र चार पूर्णांक दोन.
त्याला सव्वासहानं गुणायचं.
प्रथिनं सव्वासव्वीस.

उरलेला मुशीत, साडेपाचशे अंशांवर.
राख दहा टक्के,
फुंकरीनं उडेल अशी. भट्टीपाशी मी तोंड मिटून श्वास घेते.

शुक्रवारी ती पुन्हा आली.
'शंबरान सव्वीस?'
तिनं नातवाकडे बघितलं.
त्यानं भिंतीवरच्या आवर्त सारणीकडे.
'म्हंजे नापास झाला माजा पाला.'

मी सांगितलं, आजी, या परीक्षेत
कडब्याला चार पडतात, भाताच्या पेंढ्याला त्याहून कमी,
लसूणघासाला अठरा, फार तर वीस.
'मंग पयला आला म्हन.'
जवळजवळ. पेंड अजून पुढे आहे.
'पेंड इकत घ्यावी लागते. ती नाय धरायची.'

पूरक म्हणूनच द्या, मी पुस्तकातलं बोलले,
पोटभर नको.
'तोंडी लावाया,' तिनं एका शब्दात निकाल लावला.
'चिमनीनं दोन करडं दिली, धाकलं उभं रायना.
तिला रोज एक मूठ. दूध वाढलं.
आता ते पत्र्यावर नाचते, शेजारीन भांडाया येते.'

भुकटी विकायचीय का, मी विचारलं.
'नाय गो. कागूद पायजे.'

गावाला लागून सेक्टर, सेक्टरला भिंत,
भिंतीच्या आत झाड.
पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या
गोधडी पांघरल्यासारख्या,
वाऱ्याला फांदी कडकन मोडते, खाली कुणाची तरी नवी गाडी.
सोसायटीच्या वहीत एक ओळ: झाड काढणे.
अकरा वर्षं छाटलेलं ती भिंतीअलीकडून ओढून नेते,
यंदा सेक्रेटरीनं तिला वरूनच विचारलं,
या झाडाचा उपयोग काय,
लेखी द्या.

मी छापून दिलं.
आर्द्रता, प्रथिनं, तंतू, राख, चुना,
सही, शिक्का. शिक्का जरा वाकडा पडला.
तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते,
मी ती कधी वाचत नाही.
नातवानं शाळेतल्यासारखी मोठ्यांदा वाचली:
हा अहवाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता लागू.

'म्हंजे झाडाला नाय?'

मला पटकन उत्तर सुचलं नाही.
तिनंही थांबून ऐकलं नाही.
शाई ओली आहे म्हणून कागद घडी न घालता
दोन हातांत ताटासारखा धरून
ती दुपारच्या एमआयडीसीत उतरली,
ट्रकवाल्यांनी तिला वाट दिली.

पिशवीत तळाला मूठभर उरला होता.
बरणीत भरला, क्रमांक घातला, तारीख घातली.
नियम आहे, नमुना तीस दिवस जपून ठेवायचा.
त्यांची सभा रविवारी आहे.