तारण

व्यवसायाचं नाव, असं विचारलं काउंटरवरच्या पोरानं.
दसरीबाई म्हणाली, चार.
चार काय?
चार म्हंजे चार. झाड हाये.
त्यानं चौकटीत आकडा लिहिला.
मी खोडून दिला. गटाची सचिव मी, बारावी पास,
खोडरबर माझ्याच पिशवीत असतो.

तिथून पुढे सात फेऱ्या.
रेंगाटोल्याहून फाट्यापर्यंत पायी,
फाट्यावरून धानोऱ्याची एसटी, आली तर.

दसरी हलामीच्या सासूनं चारोळी दिली मिठाच्या बदल्यात,
पायलीला पायली.
दसरीनं दिली किलोवर, पण काटा व्यापाऱ्याचा.
आता ती बी फोडायचं यंत्र बघून आली:
दोन लाख ऐंशी हजार, मोटर वेगळी.
जात्यात भरडलं की निम्म्याचा चुरा होतो,
आणि नागपूरला, म्हणतात, बासुंदीवर अख्खा दाणा लागतो.
आम्ही बासुंदी खाल्लेली नाही.
दाणा ओळखतो.

मॅनेजर बरा माणूस. बसा म्हणाला,
पंख्याचं तोंड आमच्याकडे केलं.
मग म्हणाला, तारण काय आहे?
मी वनहक्काचा पट्टा काढला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.
त्यानं वाचला, दोन्ही बाजूंनी,
आणि हळूच परत दिला
जसं कुणाचं झोपलेलं मूल परत द्यावं.
ही जमीन गहाण ठेवता येत नाही. विकताही येत नाही.
म्हणून तर ती राहिली, मी म्हणाले.
म्हणूनच ती चालत नाही, तो म्हणाला.
दोघंही खरं बोलत होतो. मध्ये टेबल होतं.

बाहेर येऊन विचारलं, बाई, तारण कळलं का?
तारते ते, दसरी म्हणाली.
नाही बाई. आपण बुडालो की ते घेऊन जातात, ते.

मग जामीनदार पाहिजे झाला, पगारदार.
आमच्या टोल्यात पगार एकच,
आश्रमशाळेच्या स्वयंपाक्याचा, तोही अकरा महिन्यांचा.
जामीन हा शब्द गावानं ऐकला होता कोर्टात,
बिरजूला सोडवून आणलं तेव्हा.
त्या दिवशी अख्खा टोला गेला होता, चटण्या-भाकरी बांधून.
इथे इतकी माणसं नको, सही एक हवी.

विनातारण योजना सापडली ती भिंतीवर,
पाण्याच्या माठामागे, अर्धी फाटलेली.
तिला पन्नास सालच्या आधीचा आजोबा लागतो, कागदावर.
आजोबा होता.
कागद चामोर्शीच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडला, वाळवीनं नाव सोडून बाकी खाल्लेला.
मी तिथेच जमिनीवर बसून घेतलं थोडा वेळ.

मंजुरी आली ऑगस्टात.
चार पिकतो वैशाखात.
यंत्र आलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी,
पोरांनी त्याला हळद लावली,
आणि पहिला हप्ता सप्टेंबरच्या पाच तारखेला.

दसरी गेली साहेबाकडे. म्हणाली,
हप्ता झाडाले विचारून लावा ना.
साहेब हसला नाही. स्क्रीनकडे बघत राहिला.
सिस्टीम घेत नाही, म्हणाला. वर लिहून बघतो.
तिनं पदराची गाठ सोडली,
घरच्या वापराला ठेवलेली मूठभर चारोळी
त्याच्या टाचण्यांच्या वाटीत ओतली.
बाई, आम्हाला भेट घेता येत नाही.
भेट नाही जी, तारण हाये. वापस नेईन.

वरून उत्तर आलं नाही अजून.
पहिले दोन हप्ते गटाच्या डब्यातून गेले,
तिसरा माझ्या शिलाई मशीनच्या पैशांतून, ते मी घरी सांगितलं नाही.

चौथ्याला गेलो तेव्हा वाटी तिथेच होती,
टाचण्यांमध्ये दाणे, पण विरळ.
दसरीनं चष्मा नसलेल्या डोळ्यांनी वाकून पाहिलं.
साहेब, तारण खाल्लं का जी?
तो लाजला. दुपारी चहाबरोबर, म्हणाला. थोडेच.
कसे हायत?
गोड आहेत.
दसरी खुर्ची ओढून बसली.
मंग आता, म्हणाली, याज बोला.