कोरी जागा

पिंपळनेरच्या घरात आमचं एकच टेबल.
एका अंगाला भाकरीची टोपली, दुसऱ्या अंगाला पौलाची पत्रं.
बाप, शमुवेल वेडू सोनवणे, गावाला शामू मास्तर,
आठवडाभर सायकलवरून उपदेश करी.
सोमवारी आवाज बसलेला असे, म्हणून लिही.

बोली अहिराणी. मी नववीत, अक्षर बरं,
पक्की प्रत माझ्याकडे.

समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता.
वादळाचा अध्याय ऐकून ठगूबाई म्हणाली,
‘पांझराना पूरइतलं पानी व्हई का रे?’
तो पेन्सिल चावत बसला.
अंजिराला उंबर चाललं. लांडग्याला लांडगाच.
मेंढपाळासाठी दोन रात्री ठेलारींच्या वाड्यावर राहिला,
परतला तो अंगाला लोकरीचा वास घेऊन,
वहीत कोकरांची अकरा नावं:
लंगड्याला वेगळं, आई मेलेल्याला वेगळं.

अडला तो जेवणाआधीच्या प्रार्थनेत,
जी आम्ही भूक लागलेली म्हणून भराभर म्हणायचो.
तिच्या मधोमध त्यानं बोटभर जागा सोडली,
भोवती पेन्सिलीचं गोल.
‘शब्द नाही का?’ मी विचारलं.
‘शब्द शे. मन्हा तोंडमा येत नही.’

हिलालकाकानं आजोबांच्या तिरडीला
त्याला खांदा देऊ दिला नव्हता.
हे मला आईनं सांगितलं, राखेनं पातेलं घासताना.
प्रवचनात कधी आलं नाही.

चार वर्षं ती जागा मी कोरीच उतरवत गेले.

मग एका संध्याकाळी, का ते माहीत नाही,
मला कॅरियरवर बसवून तो दहिवेलला निघाला.
काका खळ्यात होता. मान वर न करता म्हणाला, ‘बठ.’
बोलणं झालं ते बैलांचं. ढवळ्याचा खूर, पेंडीचा भाव.
काकानं जू उतरवलं, सापत्या काढल्या,
बैलांच्या मानेवर, जिथं केस झडले होते, तिथं तळहात फिरवला.
‘सोडी दिन्हात,’ म्हणाला. बैलांबद्दलच.
चहा गुळाचा होता, फुटलेला.

परतताना बाप चढावरही उतरला नाही.
घरी आल्यावर हातही न धुता
त्या गोलात लिहिलं: सोडी दे.

धुळ्याहून छापून आलं तेव्हा तिथं ‘क्षमा’ होती.
समितीला बैलांचा शब्द हलका वाटला असावा.
बापानं पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, पुन्हा लिहिलं नाही.
रविवारी वाचताना मात्र
पुस्तक हातात धरून तो तिथं स्वतःचंच म्हणे,
आणि मागच्या बाकावर ठगूबाई,
वाचता न येणारी,
मान हलवी.