देखभाल

फॉर्मात पहिली चौकट: कौशल्ये.
कोटलिन येतं, स्विफ्ट येतं,
फ्लटर कामापुरतं, दूरच्या पाहुण्याशी बोलावं तसं.
अनुभव अकरा वर्षं. गाव कुताइसी,
नदीकाठी तिसरा मजला, लिफ्ट नाही.

मागील कामे.

झाऊरच्या मिनीबसचं ॲप.
आसनं चौदा, पण त्याला हट्टानं पंधरावं हवं होतं,
ड्रायव्हरशेजारी पालथं घातलेलं खोकं.
"तेही दाखव. तिथे माझी सासू बसते."
दाखवलं. नकाशात ते राखाडी आहे,
कुणालाच राखून ठेवता येत नाही.
माझा कोड वाचणारे अडतात, ही अट कशासाठी?
शेजारी टीप आहे: सासू.

दातांच्या दवाखान्याचं. पैसे अर्धे आले.
उरलेल्या अर्ध्यात डॉक्टरीणबाईंनी माझी अक्कलदाढ काढून दिली.

मग श्टुटगार्टची एक कंपनी, नाव सांगायला बंदी.
एवढंच सांगते: हरवलेली बॅग शोधताना
तुम्ही कधी एका निळ्या बटणावर बोट ठेवलं असेल,
तर ते आठ पिक्सेल डावीकडे मी सरकवलं.
त्यासाठी सात बैठका झाल्या.
आठवीत त्यांनी विचारलं,
तुमच्या भाषेत शीर्षक मोठ्या अक्षरांत का दिसत नाही?
म्हटलं, आमच्या लिपीत मोठं अक्षर नसतंच.
सगळी सारख्याच मानाची, एका पंगतीत बसलेली.
पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही.
संध्याकाळी नोंद आली: दोष. प्राधान्य मध्यम.

पुढचं यादीत घालावं की नाही, ठरत नाही.

पुलापलीकडे अंब्रोसीची बेकरी होती.
विहिरीसारखी खोल भट्टी,
अर्धं अंग आत लोंबकळवून
तो तिच्या भिंतीवर कणीक थापायचा.
होडीसारखे पाव निघायचे, दोन्ही टोकं करपलेली.
त्याला एकच हवं होतं:
किती उरलेत ते लोकांना घरबसल्या कळावं,
थंडीत कुणाचा हेलपाटा होऊ नये.
त्याच्यासाठी वेगळा पडदा केला,
एक आकडा, एक अधिक, एक उणे.
पिठाची बोटं काचेला ओळखू येईनात,
म्हणून बटण एवढं मोठं केलं
की कोपरानं दाबता यावं.
अकरा वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम
ते कोपराचं बटण.

भट्टी बुजवून दोन वर्षं झाली.
आता तिथे फोनची कव्हरं मिळतात.
मी सर्व्हर बंद करायला बसले,
तर नोंदींत एक ओळ:
पहाटे पाच चाळीस. वापरकर्ता एक. आकडा साठ.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
आणि मग दिवसभर तो उतरत जातो,
एकोणसाठ, अठ्ठावन्न, दुपारी बारा,
ईस्टरच्या आदल्या दिवशी तर
अकराच्या आत शून्य.

कुणाला विकतोस, मी विचारलेलं नाही.
बाजारात दिसतो, हात वर करतो. मीही करते.

महिन्याला चौदा लारी जातात.
गेल्या महिन्यात प्रमाणपत्राची मुदत संपली,
रात्री तीनला जाग आली तेव्हा लक्षात आलं,
तशीच उठून नवं लावलं.
एकदा साठाच्या जागी सत्तर आले.
त्या दिवशी माझंही बरं काम झालं.

फॉर्म विचारतो: सक्रिय वापरकर्ते किती?
एक, असं लिहिते.
चौकट लाल होते. किमान शंभर हवेत म्हणे.
खिडकीबाहेर अजून अंधार आहे, नुसता नदीचा आवाज.
पाच अडतीस.
फॉर्म उघडाच ठेवून
थांबते दोन मिनिटं.