उलट्या क्रमाने ओदील

ओदील ब्रासार अमळनेरला पहिल्यांदा आली
तेव्हा एकसष्ट वर्षांची होती.
भुसावळहून, सुरत पॅसेंजरने,
पत्र्याच्या तीन डब्यांत, केळीच्या घडांशेजारी.
पार्सलबाबूने विचारलं, नाशवंत माल आहे का?
वडील म्हणाले, नाही.

फिल्म सोसायटीचे सभासद चौदा,
वर्गणी भरलेले नऊ.
सेक्रेटरी माझे वडील, गिरणीत टाइमकीपर.
शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना
शिंप्याकडून उसने आणलेले अस्तराचे काळे तागे.
मे महिना, आणि पंखा बंद,
कारण पंख्याचं आणि प्रोजेक्टरचं पटायचं नाही.

हा चित्रपट तिनेच काढलेला.
एक बाई समुद्राकाठचं घर विकायला काढते
आणि दोन तास ते विकत नाही. बस.
मी सातवीत. खालच्या इंग्रजी ओळी वाचून
आईला अहिराणीत सांगायचं काम माझं.
'काय बोली राहिनी वं ती?'
'काहीच नै. नुसती देखी राहिनी.'
'मंग आपन बी देखूत,' कौतिकबाई म्हणाली
आणि सतरंजीवर पाय पसरले.

पुढच्या वर्षी ओदील अठ्ठेचाळीसची झाली.
मग बेचाळीस. ते तिचं पहिलं दिग्दर्शन,
त्याचं दुसरं रीळ इटारसीला गेलं,
म्हणून आम्ही भांडण न बघताच घटस्फोट बघितला.
भामरे मास्तर म्हणाले, फ्रेंच लोक असंच करतात.

मग ती तिशीत आली, आणि दुसऱ्यांच्या हातात.
नावाजलेल्या पुरुषांनी तिला खिडकीशी उभं केलं,
दाराशी उभं केलं, पुलावर, पाठमोरी,
एकाने तर पावसात अकरा मिनिटं.
मास्तर त्याला प्रकाशयोजना म्हणत.
आई म्हणाली,
'हाई बाईले कोनी बसू देत नै का?'

तेव्हा मला ते एकसष्टचं घर आठवलं.
खोलीखोलीत एक खुर्ची होती त्यात.
कॅमेरा आधी खुर्चीवर जायचा,
मग ती यायची, बसायची, मग पुढचं.
आम्हाला वाटलं होतं, म्हातारी आहे, दमली असेल.

गिरणी बंद पडली त्या साली शेवटचे डबे आले.
ओदील एकोणीसची, तिचं पहिलंच काम.
हॉटेलातली पोरगी, हातात तबक,
टेबलावर चार पुरुष देवाबद्दल बोलतायत.
तिला एकच शब्द : 'साखर?'
तो मी सांगितला. आईने पुढे विचारलं नाही.
पुरुष बोलत राहिले, खाली ओळी धावत राहिल्या,
मी वाचायची थांबले, कारण कुणी ऐकत नव्हतं.
तबक थोडं हललं.
आणि आई पडद्याकडे बघून मोठ्याने,
चार सभासदांना ऐकू जाईल असं म्हणाली,
'बस वं माय. आते तरी बस.'

ही ओळ खाली कुठेच नव्हती.

पडदा पांढरा झाला.
उद्याच्या गाडीला डबे परत द्यायचे होते.
वडील उठले, तागे तसेच राहू दिले,
आणि रीळ उलटं गुंडाळायला लागले.